दुरुस्ती जतन न होण्यात दोष ब्राउझरचा नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन फॉर्ममध्ये चुकलेला मोबाइल क्रमांक दुरुस्त केला, ‘जतन करा’ दाबले, ‘माहिती अद्ययावत झाली’ असा संदेशही आला. पण पान पुन्हा उघडले तर जुनाच क्रमांक हजर. ही तक्रार करणाऱ्याला बहुतेक वेळा ‘कॅशे साफ करा, दुसरा ब्राउझर वापरून बघा’ एवढेच उत्तर मिळते. एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या वेबपाने बनवण्याच्या तंत्रज्ञानावर चालणाऱ्या पानांबाबत हा सल्ला सहसा कुचकामी ठरतो, कारण चूक सर्व्हरवरच्या कोडमध्ये असते. हे तंत्रज्ञान २००२ मध्ये आले. त्यावरची पाने आजही वापरात आहेत, आणि ती सांभाळणारे बऱ्याचदा ती लिहिणाऱ्यांपैकी नसतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

पोस्टबॅकमध्ये, म्हणजे भरलेले पान ब्राउझरकडून सर्व्हरकडे परत जाते तेव्हा, घटनांचा क्रम ठरलेला असतो. आधी इनिट (कंट्रोलची, म्हणजे पानावरच्या चौकटी, याद्या, बटणे यांची उभारणी), मग व्ह्यूस्टेट (पानात लपवून ठेवलेली कंट्रोलची आधीची स्थिती) परत भरला जातो, त्यानंतर ब्राउझरने पाठवलेली मूल्ये कंट्रोलमध्ये बसतात, मग पेज लोड, आणि बटणाचा क्लिक त्याच्याही नंतर. समजा, क्रमांकातला शेवटचा ४ खोडून कोणी ७ केला. पेज लोड सुरू होते तेव्हा टेक्स्टबॉक्समध्ये ७ व्यवस्थित आलेला असतो. पण तिथे डेटाबेसमधली नोंद वाचून टेक्स्टबॉक्स भरणारी ओळ बिनशर्त लिहिली असेल, तर ७ पुसून पुन्हा ४ येतो आणि क्लिकचा कोड तोच ४ जतन करतो. अपडेट क्वेरी ‘१ ओळ बदलली’ म्हणते, एरर लॉग कोरा राहतो. म्हणून हा दोष लवकर हाती लागत नाही. उपाय एका अटीचा आहे: भरण्याचा कोड फक्त ‘इझ पोस्टबॅक’ खोटे असताना, म्हणजे पान पहिल्यांदा उघडताना, चालवावा.

ग्रिडव्ह्यूत, म्हणजे नोंदी तक्त्यात दाखवणाऱ्या कंट्रोलमध्येही, हेच घडते. पेज लोडमध्ये दर वेळी डेटाबाइंड (डेटाबेसमधून तक्ता भरणे) झाले की ओळी जुन्या मूल्यांनी नव्याने बनतात आणि रो अपडेटिंगमध्ये (ओळ जतन करताना चालणाऱ्या कोडमध्ये) जुनेच मूल्य हाती येते. तिथे आधी नवे मूल्य वाचावे, जतन करावे, एडिट इंडेक्स उणे १ करावा (म्हणजे ओळ संपादनातून बाहेर येते) आणि मगच बाइंड करावे.

अट असूनही मूल्य हरवत असेल तर अंदाज बांधत बसू नये. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये पाठवलेला डेटा पाहावा. तिथे नवे मूल्य नसेल तर ते ब्राउझरमधून निघालेलेच नाही: कंट्रोल डिसेबल्ड (निष्क्रिय) आहे, किंवा जावास्क्रिप्टने लेबलचा मजकूर बदलला आहे, जो कधीच पाठवला जात नाही. अशा वेळी हिडन फील्ड (न दिसणारी, पण पाठवली जाणारी चौकट) वापरावे. मूल्य निघाले असेल तर पेज लोडच्या पहिल्याच ओळीवर ब्रेकपॉइंट (कोड थांबवण्याची खूण) लावून रिक्वेस्ट डॉट फॉर्ममधले, म्हणजे ब्राउझरकडून आलेले, मूल्य आणि टेक्स्टबॉक्समधले मूल्य शेजारी शेजारी ताडावे. दोन्ही सारखी असतील तर मूल्य पुढे कुठे तरी पुसले जाते. पहिल्यात नवे आणि दुसऱ्यात जुने असेल तर टेक्स्टबॉक्सचा ‘रीडओन्ली’ (फक्त वाचनासाठी) गुणधर्म तपासावा. कॅलेंडरमधून तारीख निवडायच्या चौकटीत हे हमखास सापडते. ब्राउझर तारीख पाठवतो, पण हा गुणधर्म खरा असेल तर सर्व्हर ती घेत नाही. गुणधर्म काढून कोडमधून अॅट्रिब्यूट्समध्ये रीडओन्ली जोडावे; मात्र ते कोणीही ब्राउझरमध्ये काढू शकतो, म्हणून सर्व्हरवर तारीख तपासणे आलेच.

व्ह्यूस्टेट सर्वत्र चालू करणे हा लोकप्रिय उपाय टेक्स्टबॉक्ससाठी व्यर्थ आहे. टेक्स्टबॉक्सचे मूल्य पोस्ट केलेल्या डेटातून येते, व्ह्यूस्टेटने पान फक्त जड होते. ड्रॉपडाउनची गोष्ट वेगळी. व्ह्यूस्टेट बंद असेल तर त्याची यादी दर वेळी इनिटमध्ये भरावी लागते. पेज लोडमध्ये भरली तर निवड लावण्याची वेळ टळून गेलेली असते. कोडने तयार केलेले कंट्रोलही दर पोस्टबॅकला, शक्यतो इनिटमध्येच, त्याच आयडीने पुन्हा उभे करावेत.

चाचणी करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. यशाचा संदेश दिसला म्हणून चाचणी उत्तीर्ण धरू नये. प्रत्येक चौकटीतले मूल्य खरोखर बदलून जतन करावे आणि डेटाबेसमधली ती ओळ उघडून बघावी. काहीही न बदलता ‘जतन करा’ दाबून केलेल्या चाचणीत हा दोष कधीच दिसणार नाही.

आपला,
एक वेब डेव्हलपर