‘एमपी५ चीच रोलर यंत्रणा’ असे छापून विकलेल्या ९ मिमी कार्बाइनबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

काल तिसऱ्यांदा फोन केला. आता लेखीच देतो.

तुमच्या खोक्यावर आणि माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘एमपी५ चीच रोलर यंत्रणा’ असे ठळक छापले आहे. एमपी५ म्हणजे सैन्य-पोलिसांची जर्मन सबमशीनगन. गोळी सुटताना तिच्यातले छोटे रोलर बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला) क्षणभर अडवतात, म्हणून तिला जड बोल्ट लागत नाही. मी कार्बाइन घेतली ती त्या ओळीसाठी. पहिल्या दिवशी शंभर गोळ्या झाडून साफ करायला उघडली, तर आत रोलर नाहीतच. एक जाडजूड बोल्ट आणि मागे कडक स्प्रिंग. साधी ब्लोबॅक, म्हणजे बोल्टला अडवायला फक्त त्याचे वजन आणि स्प्रिंग.

पुंगळ्याही तेच सांगतात. एमपी५ च्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या भागाला, आतून उभ्या खाचा असतात, म्हणून तिच्यातून पडलेल्या पुंगळीवर काजळीच्या बारीक उभ्या रेघा उमटतात. मी माझ्या पुंगळ्या उजेडात धरून एकेक पाहिल्या. एकीवरही रेघ नाही.

कालचा संवाद जसाच्या तसा देतो. चाळीस मिनिटे ताटकळल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “सर, सैन्याची आणि ही एकच. फक्त बर्स्ट काढलाय.” (बर्स्ट म्हणजे एकदा चाप दाबून सलग काही गोळ्या.) मी विचारले, मग रोलर कुठे आहेत? पलीकडे शांतता. नंतर म्हणाले, “तुम्ही बोल्ट उघडलात कशाला? वॉरंटी जाईल.” बोल्ट काढून पुसायला तुमचीच पुस्तिका सांगते, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यावर उत्तर आले, “तुम्हाला काय सैन्यात भरती व्हायचंय का?” आणि फोन ठेवला.

मला सैन्यात जायचे नाही. मी रेंजवर स्पर्धा खेळतो. तो जड बोल्ट मागे आदळला की रेड डॉट (नेम धरायच्या काचेतला लाल ठिपका) निशाण्यावरून उडतो आणि दुसरी गोळी उशिरा जाते. रोलर हवे होते ते यासाठी.

नागरी आणि लष्करी बंदुकीत फरक असणार, हे मला मान्यच आहे. अमेरिकेत १९८६ नंतर बनलेली स्वयंचलित शस्त्रे नागरिकाला मिळत नाहीत. रायफलची नळी १६ इंचांहून आखूड असली की वेगळी नोंदणी लागते, म्हणून एमपी५ ची नऊ इंचांच्या आतली नळी इथे लांब होते. पण एमपी५ च्याच नागरी आवृत्तीत, एचके ९४ मध्ये, नळी लांब केली, स्वयंचलित मारा काढला, तरी रोलर ठेवले होते. साध्या ब्लोबॅकमध्येही कमीपणा काही नाही. खुद्द लष्करी उझी ही इस्रायली सबमशीनगन त्याच तत्त्वावर चालते. नागरी उझी कार्बाइनमध्ये बोल्ट बंद असताना गोळी सुटते, लष्करी उझीत तो उघडा असतो. हा फरक उघडपणे सांगूनच ती विकली गेली. तुम्हालाही ‘साधी ब्लोबॅक’ असे छापता आले असते. कदाचित मी तरीही घेतली असती. जी यंत्रणा आत नाही तिचे नाव छापून पैसे घेतलेत, राग त्याचा आहे.

गेली आठ वर्षे मी तुमचीच पिस्तुले वापरतो. क्लबमधल्या निदान चौघांना मी ती घ्यायला लावली. आता त्यांना काय तोंड दाखवू?

पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करा आणि खोक्यावरची ती ओळ काढा. नाहीतर खोक्याचे, पुस्तिकेचे आणि बाहेर काढलेल्या बोल्टचे फोटो जोडून राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार जाईल. फोटो काढून ठेवले आहेत. आणि यापुढे मला फोन करू नका, उत्तर लेखीच पाठवा.

आपला ग्राहक