‘४२०’ हा पोलिसांचा संकेतांक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील चौकटीत ‘४२०’ हा आकडा म्हणजे कॅलिफोर्निया पोलिसांचा गांजाच्या गुन्ह्यासाठीचा संकेतांक, असे छापून आले आहे. गांजा ओढणाऱ्यांच्या वर्तुळात ही कथा वर्षानुवर्षे फिरते आहे; मात्र तेथील दंडसंहितेचे ४२० वे कलम सरकारी जमिनीवर जाणाऱ्यास अडवण्याबद्दलचे असून गांजाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

खरी हकिकत साधी आहे. १९७१ साली कॅलिफोर्नियातील सॅन राफेल हायस्कूलमधील पाच मुले, पॉइंट रेझ भागात कोणीतरी सोडून दिलेले गांजाचे पीक शोधायला जाण्यासाठी, शाळेतील लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी जमत असत. पीक काही सापडले नाही, पण ती वेळ त्यांचा परवलीचा शब्द होऊन बसली आणि पुढे ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या चाहत्यांमार्फत सर्वदूर गेली. टपालाचा शिक्का असलेली त्या काळातील पत्रे या मुलांनी जपून ठेवली आहेत. गंमत म्हणजे, स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९ एप्रिल १९४३ रोजी एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे नशिले रसायन स्वतः घेऊन पाहिले, त्याचीही नोंद १६.२० चीच, म्हणजे दुपारी चार वीसचीच आहे. असा योगायोग हाती लागल्यावर दंतकथेला आणखी काय हवे?

आपल्याकडे फसवणुकीच्या जुन्या कलमामुळे ‘चारसोबीस’ म्हणजे लबाड. माझा पुतण्या हा आकडा छापलेला टी-शर्ट घालून आला, तेव्हा “छातीवर चारसोबीस लिहून कशाला हिंडतोस रे?” असे आजीने विचारताच त्याने पोलिसांच्या संकेतांकाचीच कथा ऐकवली आणि वर “भांग चालते, म्हणजे थोडा गांजाही चालतो” अशी पुस्तीही जोडली. ही दुसरी समजूत हसण्यावारी नेण्याजोगी नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. नुसती पाने त्या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून भांग तेथून सुटते खरी, पण राज्याच्या दारूबंदी कायद्यात सापडते. गांजा मात्र एक किलोपर्यंतचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘अल्प’ असला, तरी त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

चौकटीतील चुकीची दुरुस्ती त्याच पानावर ठळकपणे छापावी, ही विनंती. पुतण्याने ती चौकट कापून पुरावा म्हणून पाकिटात ठेवली आहे.

– एक निवृत्त वकील, सातारा