नाव अनोळखी, मशीन ओळखीचं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अधूनमधून मनगटी घड्याळांवर मजकूर येतो. ब्रँडचं नाव ठळक असतं, किंमत असते, घड्याळ घातलेल्या नामवंताचा फोटो असतो. आतल्या मशीनबद्दल मात्र एक ओळही नसते. त्यामुळे वाचक धरून चालतो की नाव मोठं तर घड्याळ चांगलं, आणि नाव कधी ऐकलेलं नसेल तर पैसे पाण्यात. हे मला पटत नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवते. माझं घड्याळ चावीचं आहे. ३६ मिलिमीटर रुंद, पातळ, १९५०च्या दशकातल्या घडणीवर बेतलेलं. चंदेरी तबकडी, आकड्यांच्या जागी टोकदार खुणा, किंचित फुगीर काच आणि सहाच्या जागी सेकंदाचा चिमुकला काटा. तबकडीवरचं नाव आमच्या स्टाफरूममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. ‘‘उद्या ही कंपनी बंद पडली तर दुरुस्त कोण करणार?’’ असं एका सहकाऱ्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे.

त्याचं उत्तर मागच्या पारदर्शक झाकणाआड दिसतं. आत पेझ्यू ७००१ हे स्विस मशीन आहे. जाडी अवघी अडीच मिलिमीटर, माणकं (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे) १७. कितीतरी ब्रँडांनी ते वापरलं आहे. जर्मनीच्या नोमॉस कंपनीची सुरुवातीची घड्याळं त्यावरच चालत. म्हणजे उद्या माझ्या घड्याळाचा ब्रँड राहिला नाही, तरी हे मशीन उघडता येणारा घड्याळजी आणि त्याचे सुटे भाग मिळू शकतात. उलट काही बड्या कंपन्या स्वतःच्या मशीनचे भाग बाहेरच्या कारागिराला देतच नाहीत. टिकाऊपणाचा विचार करताना हे कुणी लक्षातच घेत नाही.

‘दुसऱ्याचं मशीन घालून आपलं नाव छापतात’ असा आक्षेपही ऐकते. पण स्वित्झर्लंडमध्ये हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या असाच चालला. मशीन पुरवणाऱ्या कारखान्यांनी एकत्र येऊन १९२६ मध्ये एबोश एस. ए. ही संस्था काढली, आणि असंख्य ब्रँडांच्या तबकड्यांमागे याच कारखान्यांची मशीन असत. रोलेक्सच्या डेटोना या नावाजलेल्या घड्याळातसुद्धा २००० सालापर्यंत बाहेरून घेतलेलं मशीन होतं. त्याबद्दल त्या घड्याळाला कुणी नावं ठेवत नाही. मग लहान ब्रँडला वेगळा न्याय का?

सरल आवर्त गती शिकवताना मी हे घड्याळ वर्गात पालथं करून दाखवते. बॅलन्स व्हील हे छोटं चाक मागेपुढे झुलताना दिसतं. त्याच्या मधोमध केसासारखी बारीक कमान आहे. डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्सनं १६७५ मध्ये घड्याळाला दिलेली हीच ती कमान. झोका थोडा लहानमोठा झाला तरी त्याला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो, आणि सगळं वेळ मोजणं त्यावर उभं आहे. तासाला २१,६०० टिकटिक, म्हणजे सेकंदाला सहा. एका पूर्ण झोक्यात दोन टिकटिक होतात, तेव्हा वारंवारता तीन हर्ट्झ. मुलं हा हिशेब स्वतः कान लावून करतात. माणकं कशाला, हेही विचारतात. ती कृत्रिम असतात, शोभेची नसतात. कठीण आणि गुळगुळीत असल्यामुळे चाकांच्या टोकांचं घर्षण कमी होतं. चावीनं आवळायची मुख्य कमान वेगळी; ती पूर्ण आवळली की घड्याळ सुमारे ४२ तास चालतं, म्हणून मी रोज सकाळी ठरल्या वेळी चावी देते, आणि बोटांना अडसर जाणवला की थांबते.

ते दिवसाला सातआठ सेकंद पुढे जातं. बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ यापेक्षा कितीतरी अचूक, त्यात वादच नाही. पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत आठ सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत एकाहूनही कमी. बॅटरीशिवाय, केवळ कमानीच्या आणि दातेरी चाकांच्या जोरावर! मला याचा अभिमान वाटतो.

लहान ब्रँडांचं सगळंच मला आवडतं असं नाही. जुन्या घड्याळाची प्रमाणं उचलावीत, पातळपणा उचलावा. पण नव्या खुणांना मुद्दाम पिवळट रंग देऊन वय झाल्याचं भासवणं मला खोटं वाटतं. कधीच बंद पडलेल्या कंपनीचं नाव विकत घेऊन ‘अमुक सालापासून’ असं छापणं तर त्याहून वाईट. आणि पाण्यापासून बचावाबद्दल छापलेला ‘३० मीटर’ हा शब्द. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाच्या चाचणीचा आहे. असं घड्याळ हात धुताना उडालेले शिंतोडे सोसेल, पोहायला चालणार नाही. जाहिरात हे सांगत नाही, तर वृत्तपत्रानं सांगायला हवं.

म्हणून विनंती एवढीच, की यापुढे घड्याळावर लिहिताना किमतीशेजारी मशीनचं नाव, घड्याळाची जाडी आणि सुटे भाग बाहेरच्या घड्याळजीला मिळतात का, हे तीन तपशील द्यावेत. कंपनीनं मशीनचं नाव सांगायला नकार दिला, तर तेही छापावं.

आपली,
एक भौतिकशास्त्र शिक्षिका