जन्मवर्षाचे चाक आणि आजोबांचे खाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर जागृतीचे व्याख्यान म्हटले की कॉलेजचे सभागृह ठरलेले. पत्ता आता बदलायला हवा, ते आजी-आजोबांपुढे व्हायला हवे. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुरते निघाले आणि २००६ मध्ये १३ वर्षांवरील सगळ्यांना खुले झाले. घरची मंडळी आली तशी पोरे इन्स्टाग्रामकडे सरकली. अमेरिकेत प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांत फेसबुक वापरणारे २०१४-१५ मध्ये ७१ टक्के होते, २०२२ मध्ये ३२.

खात्यांवरून काढलेले वयोगटांचे तक्ते मात्र जपूनच वाचावेत. खाते उघडताना लिहिलेली जन्मतारीख हाच त्यांचा मुख्य आधार. दहा वर्षांचा मुलगा वय वाढवून सांगतो. आजोबांचे खाते नातू उघडून देतो, तेव्हा जन्मवर्षाचे चाक १९५० पर्यंत फिरवायचा त्याला कंटाळा येतो. ते १९९० च्या आसपास कुठेतरी थांबते. तक्त्यात आजोबा तरुण!

अशा खात्याला ई-मेलही नातवाचाच जोडलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक. नातू परगावी असताना खाते हॅक झाले, की आजोबांच्या हातात काहीच नाही. म्हणून आधी ई-मेल आणि मोबाइल नंबर त्यांचा स्वतःचा घालावा. फ्रेंड लिस्ट ‘ओन्ली मी’वर, म्हणजे फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवावी, कारण फोटो उचलून दुसरे खाते काढणारा त्याच यादीतल्या लोकांकडे पैसे मागतो.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन असे जाऊन सहा आकडी पिन लावावा. तिथे ई-मेल जोडायला विसरू नये. तो नसेल आणि पिन आठवला नाही, तर सात दिवस थांबावे लागते. जन्मतारखेचा पिन नको, ती शुभेच्छांमुळे गावभर झालेली असते. अनोळखी माणसाने ग्रुपमध्ये ओढू नये म्हणून प्रायव्हसीत ग्रुप्सपुढे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडावे. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाला शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप आहे, उघडू नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

हे सगळे शिकवणारे वर्ग पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांत व्हावेत, आणि एका वेळी दहाच जणांचे. कुणाचा फोन मराठीत, कुणाचा इंग्रजीत, कुणाचा चष्मा घरी. शंभरांपुढे स्लाइड दाखवून कुणाचाही पिन लागत नाही.

– एक वाचक, कोथरूड, पुणे