अंधार नव्हता, दिल्या

सोलापूर,
१३ जून २०२४

प्रिय दिल्या,

वर्ष उलटून गेलं, तुला पत्र नाही. फोनवर बोलतो आपण, पण ते बोलणं तब्येत आणि पावसापलीकडे जात नाही. तब्येतीचं इथेच उरकतो. साखर आटोक्यात, प्रेशरची गोळी चालू, सुमनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. बास.

गेल्या रविवारी घरात एक गोष्ट घडली. सुमनच्या डोळ्यांदेखत घडली, पण तिला ती मला लागली तशी लागली नाही. ती लागायला आपण स्पर्धेत केलेल्या 'मृच्छकटिक' नाटकाचा पहिला अंक पाठ असावा लागतो. १९८३ साली तो पाठ असलेल्यांपैकी आता तू आणि मीच बोलण्यापुरते उरलोय. बाळ्या असता तर त्यालाही लिहिलं असतं.

निखिलचं तुला फोनवर सांगितलं होतं. मुलगी स्वप्ना. पुण्यात त्याच्याच कंपनीत आहे आणि पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे. वडील पूर्व भागात चादरीच्या मागावर, आई विड्या वळते. घर कुंभारीला, विडी घरकुलात. पद्मशाली मंडळी. घरात तेलुगू बोलतात, बाहेर आपल्याला लाजवेल असं मराठी. निखिलनं सांगितलं तेव्हा सुमन दोन दिवस गप्प होती. मी त्याच क्षणी हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, दर वर्षी पोरांना सांगत आलो की ह्या भाषेत दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं एक नाटक असं आहे ज्यात चोर आहे, जुगारी आहे, मालिश करणारा आहे, चांडाळ आहेत, आणि गणिका शेवटी घरची सून होते. ते सांगताना माझा आवाज दाटून यायचा, हे तुला ठाऊक आहे.

तर रविवारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं, वारं सुटलं, लाईट गेली. आपल्याकडचा मृगाचा पाऊस तुला काय सांगायचा. आधी नाकातोंडात धूळ, मग चार टपोरे थेंब, मग सगळं एकदम. मी गच्चीवरच्या चादरी ओढून आणेपर्यंत त्या भिजल्याच. आमच्या कामाच्या मावशी गावी गेल्यात. शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या, चारपर्यंत एक बाई पाठवून देते. निखिल स्वप्नाला घेऊन साडेपाचला यायचा होता. दार वाजलं. दारात एक भिजलेली मुलगी, पायात रबरी चपला, कापडी पिशवीत डबा. मी म्हणालो, "आलीस होय? मागच्या दारानं यायचं ना, पाय बघ किती चिखलाचे. हे धर, ह्या चादरी आत नेऊन टाक." आणि सगळा ओला गठ्ठा तिच्या हातात दिला.

तिनं घेतला. एक शब्द बोलली नाही. चपला काढल्या आणि आत गेली.

आता आपला पहिला अंक आठव. "रदनिके, रोहसेनाला आत ने. गारठलाय तो. हा शेला त्याच्या अंगावर घाल." चारुदत्त अंधारात मुलासाठी शेला पुढे करतो, आणि तो घेणारी दासी रदनिका नसते, गणिका वसंतसेना असते. तीही बोलत नाही. शेल्याला जाईचा वास येतो म्हणून मनात हरखते. चाळीस वर्षांपूर्वी ते वाक्य मी म्हणत होतो, बे. तोच हात, तोच आवाज, तोच 'ने' आणि 'घाल'.

आत जाऊन तिनं चादर उलगडली, टोकाला टोक जुळवलं, झटकली, काठावरून अंगठा फिरवत नेला आणि मध्येच थांबली. "काका, ही पिळली का? जेकार्डची चादर पिळू नये, काठ ओढला जातो." ती मला बोललेली पहिली गोष्ट ही. तेवढ्यात सुमन बाहेर आली, म्हणाली, "अगं, तू स्वप्ना ना? फोटोत बघितलंय." निखिलची गाडी टेंभुर्णीच्या पुढे अडकली होती, म्हणून ही आईवडिलांकडून एकटीच रिक्षानं आली होती. डब्यात तिच्या आईनं केलेल्या शेंगापोळ्या होत्या.

मी काय म्हणालो असेन? "अगं, अंधारात कळलंच नाही." ती म्हणाली, "असू दे, काका."

पण अंधार नव्हता, दिल्या. चार वाजले होते. आभाळ होतं, पण मला तिचा चेहरा स्वच्छ दिसला होता. चारुदत्ताला निदान तेवढी सूट आहे. तिथला दिवा तर वसंतसेनेनंच पदरानं विझवलेला असतो, मागे राजाचा मेव्हणा शकार लागलेला असतो म्हणून. माझ्या घरात दिवा कुणी विझवला नव्हता. मी चेहरा बघितला, चपला बघितल्या, पिशवी बघितली आणि ठरवून टाकलं.

सुमन म्हणते, कशाला उगाळत बसता, पोरगी हसली, विषय संपला. पण ती हसली कशी? नाटकातली वसंतसेना गप्प राहते कारण तिला बरं वाटतं. ज्या घराच्या आत जायचं आपल्या नशिबात नाही, त्या घरातली माणूस समजून कुणीतरी काम सांगितलं, हे तिला बरं वाटतं. तालमीत आपण ह्यावर किती घोळ घातला होता. सर म्हणायचे, ते मौन म्हणजे प्रेम. तू म्हणालास, ते मौन म्हणजे सवय असेल, आणि सरांनी तुला हॉलबाहेर काढलं. स्वप्नाचं मौन कुठलं होतं, हे मला कळायला मार्ग नाही. एवढं कळलंय की तिनं निखिलला सांगितलेलं नाही. रात्री तो जेवताना इतका खुशीत होता की ते उघडच होतं. म्हणजे तिनं ही गोष्ट माझ्यापाशी ठेव म्हणून ठेवलीय. पहिल्या अंकाचं नावच 'अलंकारन्यास' आहे, तुला आठवत असेल. दागिन्यांची ठेव. ती चोरीला गेल्यावर चारुदत्त जुगारात हरल्याची थाप मारतो आणि बदल्यात बायकोची रत्नमाला पाठवतो. मला थाप मारायची नाही. पण मग काय करायचं?

माफी मागायची, हे पहिलं सुचलं. सोमवारी फोन हातात घेतलासुद्धा. आणि वाक्य जुळवताना अडकलो. "बाळ, माफ कर, मला वाटलं तू कामवाली आहेस." म्हणजे मी कशाची माफी मागतोय? चारुदत्त तरी कशाची मागतो? न ओळखता तुला दासीसारखं वागवलं, म्हणून तो मान झुकवतो. वसंतसेना म्हणते, मीच न विचारता आत शिरले, आणि तीही झुकते. मग चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झालेल्या बाळ्याचं ते वाक्य, भाताची दोन शेतं वाऱ्यानं एकमेकांवर ओणवी व्हावीत तशी तुमची डोकी भिडली, आता मीही उंटाच्या पिल्लाच्या गुडघ्यासारखं माझं डोकं टेकवतो. काय टाळ्या पडायच्या! बाळ्याचं डोकं होतंही तसंच. त्या टाळ्यांत मला कधी ऐकू आलं नाही की ही माफी फक्त ती दासी नव्हती म्हणून आहे. असती तर झुकायचं कारणच नव्हतं.

आणि त्याच अंकात, त्याच अंधारात, खरी दासी काय भोगते? रदनिका मैत्रेयाबरोबर देवतांचा बळी, म्हणजे नैवेद्य, ठेवायला दाराबाहेर येते आणि शकार तिला वसंतसेना समजून केसांना धरतो. पुढे शकाराचा सोबती विट पाया पडतो तो मैत्रेयाच्या. मैत्रेय रदनिकेला सांगतो, हा अपमान चारुदत्ताच्या कानावर घालू नकोस, तो आधीच गरिबीनं पिचलाय. ती म्हणते, माझं तोंड बंद असतं. संपलं. तिला कुणी नमस्कार केला नाही. मातीची गाडी करून रोहसेनाच्या हातात देणारी हीच बाई. जिच्या हातच्या गाडीचं नाव नाटकाला आहे, तिच्यावर मी तीस वर्षांत एक तास बोललो नाही.

स्वप्नाच्या आईनं आयुष्यभर काय ऐकलं असेल? पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, आणि हजार विड्या घेऊन गेल्यावर समोरचा माणूस मूठभर बाजूला काढणार, ह्या बाद. तिच्या मुलीला मी जाऊन सांगू की तुला बाई समजलो ही चूक झाली? 'बाई समजणं' म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सोमवारी वहिनींनी पाठवलेली खरी बाई आली. पन्नाशीची. न सांगता मागच्या दारानं आली. चादरी अजून दमट होत्या, कालचंच वाक्य माझ्या जिभेवर होतं. मला ते म्हणता येईना. दुसरंही काही म्हणता येईना. सुमननं काम सांगितलं, मी पेपर घेऊन बसलो.

आता तुझ्या-माझ्या भांडणाचं. ते टाळून हे पत्र पुरं होणार नाही.

स्पर्धेची वेळ पाऊण तास, म्हणून मी चौथा अंक कापला. वसंतसेनेची दासी मदनिका आणि तिला सोडवायला चोरी करणारा शर्विलक. तुझा मोठा प्रवेश. कँटीनमध्ये तू माझ्यावर पेला उगारला होतास. तिसऱ्या अंकातली तुझी घरफोडी मी ठेवली होती, कारण लोक हसायचे. शर्विलक मोजायची दोरी विसरतो म्हणून जानव्यानं भिंत मोजतो, आणि तू जानवंच विसरलास आणि लेंग्याची नाडी ओढून पूर्णकुंभाच्या आकाराचं भोक मापलंस! बाळ्या स्टेजवर झोपेचं सोंग घेऊन पडलेला, त्याचं पोट हलत होतं, आठवतं? ते ठेवलं. पण ज्याच्यासाठी ती चोरी, ते काढून टाकलं. तू म्हणाला होतास, "ह्या नाटकात सगळे उसासे टाकतात. हा एकटा विचारतो, तुला सोडवायला किती पैसे लागतील." ते किती बरोबर होतं हे मला आत्ता कळतंय. दागिने बघून मदनिकाच ओळखते की हे चारुदत्ताकडचे, परत कर म्हणते. आणि वसंतसेना आडून सगळं ऐकून तिला पैशाशिवाय मोकळी करते, गाडीत बसवताना म्हणते, आता तूच वंदन करण्याजोगी झालीस. मालकिणीआधी दासी उंबरा ओलांडते. मालकिणीला त्यासाठी दहाव्या अंकापर्यंत थांबावं लागतं, गळा दाबून घ्यावा लागतो, राजा बदलावा लागतो. आणि नव्या राजाकडून 'वधू' हा शब्द घेऊन कोण येतो? शर्विलक. ते वाक्यही मी तुझ्याकडून काढून माझ्या तोंडी घेतलं होतं. वेळ वाचतो म्हणालो होतो. पाचव्या अंकातला माझा पाऊस मात्र पुरा ठेवला.

आणि दोन वर्षांनी पार्क मैदानाच्या कट्ट्यावर तू मला तिच्याबद्दल सांगितलंस, आपल्या मदनिकेबद्दल. तिचे वडील मिलमध्ये होते, भोंगा झाला की ती तालीम सोडून डबा द्यायला पळायची. मी तुला मैत्रेयाची ओळ ऐकवली. चपलेत शिरलेला खडा, काढता काढता नको होतो. तो वसंतसेनेबद्दल म्हणतो, मी तिच्याबद्दल म्हणालो. तू हसला नाहीस. पुढच्या महिन्यात नागपूरला गेलास. नोकरीसाठी गेलास असं आपण दोघेही आजवर म्हणत आलो. खरं काय ते मी कधी विचारलं नाही. आज विचारतोय. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण त्या दिवशी मी बोललो ते वाईट होतं, आणि त्याची माफी मात्र मला नीट मागता येते, कारण ती कशाची आहे हे मला ठाऊक आहे. माफ कर.

तुझ्याकडचं विचारायचं राहूनच गेलं. वहिनींचा गुडघा कसा आहे? रोहितची बदली झाली का? घराचं रंगकाम सुरू झालं म्हणाला होतास, ते पावसाआधी उरकलं असेल.

२३ तारखेला रविवारी आम्ही कुंभारीला जातोय, तिच्या आईवडिलांकडे. निखिलला त्याआधी मी सांगणार आहे, हे पक्कं. स्वप्नाशी काय बोलायचं ते ठरलेलं नाही. तू शनिवारी रात्री गाडीत बस आणि सकाळी ये. माझ्याबरोबर तिथं बस, एवढंच. काही बोलू नकोस. कापलेली ती पानं तुझ्याकडे आहेत ना, निळ्या शाईतली? ती घेऊन ये, झेरॉक्स नको.

आणि एक. आपली रदनिका कुणी केली होती? मुलगी होती, दोन वेण्या होत्या, कपड्यांची पेटीही तीच उचलायची. चार दिवस आठवतोय, नाव येत नाही. तुला आठवत असेल तर पत्राची वाट बघू नकोस, फोन करून सांग.

तुझा,
सुध्या