पश्चिमेची भिंत

वेंगुर्ले,
८ फेब्रुवारी

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

तू रात्री पाठवलेले फोटो आज सकाळी चष्मा लावून पुन्हा नीट पाहिले. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेलं ते घर दिसायला छान आहे, पण तशा पट्ट्या आपल्या घराला लावायला एवढ्यात ॲडव्हान्स देऊ नकोस. फोनवर तू घाईत असतोस आणि हे दोन मिनिटांत सांगून होणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

पश्चिमेच्या भिंतीची काळजी मलाही आहे. गेल्या श्रावणात तिच्या गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा आपसूक सुटून अंगणात पडला. उचलून पाहिला, तर बाहेरचा रंग जसाच्या तसा आणि सिमेंट कडक. आतल्या बाजूला मात्र पांढरी भुकटी. त्याच्या मागे उघड्या पडलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्याला नख लावलं, तर लाल माती हातात आली. गिलावा टिकला होता आणि त्याने ज्याला सांभाळायचं तो दगडच झिजला होता. मला फार वाईट वाटलं, कारण तो गिलावा तुझ्या बाबांनी आणि मी २००४ साली हौसेने करून घेतला होता. त्याआधी ती भिंत उघड्या चिऱ्याची होती, दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, फक्त चुन्याने भरलेल्या. तुझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या.

गिलावा चालला होता तेव्हा आजोबा गडग्यापाशी उभे राहून बघत होते. एवढंच म्हणाले, "पाणी येतलाच, तेका जावक वाट ठेव." आम्हाला वाटलं, जुन्या गवंड्याला सिमेंट आवडत नाही. त्या बोलण्याचा अर्थ मला पोपडा हातात घेतल्यावर कळला.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून तर त्याचे चिरे तासता येतात. हवा लागली की तो कडक होत जातो, पण त्याची छिद्रं बुजत नाहीत. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात ते सोडतो. चुना त्याच्याच जातीचा, तोही ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटच्या जाड थराला केसासारखी चीर पडली तरी झडीचं पाणी आत शिरतं, जोत्याकडून ओल चढते ती वेगळीच, आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. आपल्याकडे हवेतच मीठ. ते पाण्याबरोबर भिंतीत जातं आणि भिंत सुकायला लागली की गिलाव्यामागे त्याचे खडे धरतात. फुगणारे खडे जागा करून घेण्यासाठी दगड फोडतात. आपण ज्याला लोणा म्हणतो तो हाच.

आता याच भिंतीवर तू प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्यास, तर २००४ साली आम्ही केलं तेच पुन्हा होईल. फरक इतकाच की गिलाव्याचा पोपडा निदान खाली पडून सांगतो, पट्टीच्या मागे काय चाललंय ते कळणारच नाही. पट्टीखालच्या लाकडी रिपांना वाळवी लागली तरी आपण बाहेरून पांढरं घरच बघत बसू.

तुला झापं आठवतात का? मृग लागायच्या आधी आजोबा पश्चिमेच्या बाजूला माडाच्या चुडतांची विणलेली झापं बांधत. ती भिंतीला चिकटवून कधीच बांधली नाहीत, मध्ये वीतभर जागा असायची. झड झापांवर आपटायची, पाणी बाहेरच्या बाहेर निथळायचं, मागून वारा खेळायचा, आणि नारळी पौर्णिमा होऊन पाऊस ओसरला की झापं सोडून चुलीत. भिंतीला आवरण हवं तर ते असं हवं. तू दाखवलेल्या फोटोंत ही मागची जागा कुठेच दिसली नाही, माझी खरी हरकत तिथेच आहे.

म्हणून जुन्या भिंतीबाबत माझं म्हणणं पक्कं आहे. तिच्यावर काही चढवायचं नाही, उलट आहे ते सिमेंट काढायचं. छिन्नी हलक्या हाताने चालवणारा माणूस हवा, नाहीतर सिमेंटबरोबर चिराही निघेल. झिजलेले चिरे बदलायचे, दर्जा चुन्या-वाळूने भरायच्या आणि वरून चुन्याचा हात. दर एक-दोन वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागेल, हे मी मान्य करते. गणपतीआधी रंग देतोच की आपण.

तू माडीवर बांधतोयस त्या खोलीची गोष्ट निराळी. ती विटांची, समोर माडांचाही आडोसा नाही, झड सरळ तिच्यावर येणार. तिथे आवरण लाव, मी नाही म्हणत नाही. फक्त प्लास्टिक नको. आपल्या उन्हात ते ताणतं, रात्री आखडतं, खिळे घट्ट बसवले तर फुगे येतात, आणि काही वर्षांत ठिसूळ होतं. पत्राही नको. २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात वाडीतले पत्रे कुणाच्या बागेत जाऊन पडले ते मी पाहिलंय, आणि समुद्र इतका जवळ असताना कापलेल्या कडेपासून गंज सुरू होतो. लाकूड मला मनापासून आवडतं. किंजळ किंवा ऐन चांगला मुरलेला मिळाला तर पाण्याला दाद देत नाही. पण दर दोन वर्षांनी तेल कोण देणार? तू पुण्यात, मी आता शिडीवर चढत नाही.

राहता राहिला फायबर सिमेंटचा बोर्ड. सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या लगद्याचा तंतू. कुजत नाही, वाळवी खात नाही, मिठाचं त्याला फारसं काही वाटत नाही. माझं मत त्याला. भिंतीवर आधी उभ्या पट्ट्या मार, निदान पाऊण इंच जागा मागे राहील अशा, म्हणजे आत शिरलेलं पाणी सरळ खाली उतरेल. पट्ट्या आडव्या मारल्या तर पाणी त्यांच्यावरच थांबेल. ती जागा खाली-वर उघडी ठेव आणि जाळी लाव, म्हणजे उंदीर-गांधीलमाशा शिरणार नाहीत. बोर्ड कापला की कापलेली कड तिथल्या तिथे रंगवून घ्यायची, नाहीतर तिथून तो पाणी ओढतो. कापताना धूळ उडते ती छातीला वाईट, कामगारांना मास्क तूच आणून दे आणि ते लावतात का ते बघ.

स्क्रूंवर पैसे वाचवू नकोस. बोर्ड पन्नास वर्षं टिकून काय उपयोग, साधा स्क्रू पाच पावसाळ्यांत गंजून तो खाली आला तर? स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ आणि ३१६ असे प्रकार असतात, खाऱ्या हवेला ३१६ लागतं. दोन्ही दिसायला सारखेच, चुंबकानेही भेद कळत नाही, म्हणून बिलावर ३१६ लिहून घे.

या सगळ्याच्या आधी वळचण वाढवायची. आता ती जेमतेम दीड फूट आहे, पागोळ्या जोत्यावर पडून चिखल उलटा भिंतीवर उडतो. अडीच फूट कर, आणि वाशांना लोखंडी पट्ट्यांनी बांधून घे, वारा खालून उचलतो. एक गोष्ट मी माजघराच्या खिडकीवरून शिकले. पावसात भिजणारे गज बरे आहेत, वळचणीखालचे कोरडे गज आधी गंजले, कारण त्यांच्यावर बसलेलं मीठ पाऊस धूत नाही. वळचण वाढली की माडीच्या भिंतीचा वरचा भागही असाच कोरडा राहील. तेव्हा वर्षातून दोनदा विहिरीच्या पाण्याने पाइप मारायचा, ते मी खालून करीन.

चुना मी सोमवारी भिजत घालते आहे, महिनाभर तरी मुरायला हवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी मिळते का बघ. गिलावा उतरवताना तू इथे असावास असं मला वाटतं. आजोबांच्या दर्जा खाली अजून असतील, त्या तुला एकदा बघता येतील. येताना ते स्क्रू पुण्याहूनच घेऊन ये.

तुझी,
आई