नुसते ॲनिमेशन दाखवून कोडिंग येत नाही

संपादक महोदय,

संगणकाच्या तासाला प्रोजेक्टरवर सॉर्टिंगचे, म्हणजे आकडे क्रमाने लावण्याचे, ॲनिमेशन दाखवण्याची पद्धत नाशिकमध्येही रुळली आहे. रंगीत पट्ट्या सरसर जागा बदलतात, मुले खूश होतात आणि प्रॅक्टिकलला अडकतात. पुढची पायरी कोणती, हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

५, १, ४, २ एवढे चारच आकडे घ्या. ॲनिमेशन थांबवा, बबल सॉर्टची (शेजारच्या दोन आकड्यांत मोठा आधी असेल तर अदलाबदल करत जाण्याची) पहिली फेरी आधी वहीत लिहायला लावा, मगच एकेक पायरी पुढे सरका. फेरीअखेर १, ४, २, ५ यायला हवे. ज्याने १, २, ४, ५ लिहिले, त्याने शेजारच्या जोड्या न तपासता नजरेनेच क्रम लावला आहे. चूक तिथल्या तिथे सापडते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘ए’ ही यादी असताना ‘बी = ए’ लिहिले की यादीची नक्कल होत नाही, तिला फक्त दुसरे नाव मिळते. ‘पायथॉन ट्यूटर’ या संकेतस्थळावर दोन्ही नावांचे बाण एकाच चौकटीकडे गेलेले दिसतात, हे तोंडी सांगून पटत नाही. मात्र तिथे मोठे लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचना) पुरते चालत नाहीत, आकडे लहानच ठेवावेत.

सुरगाणा, पेठकडे नेटचा भरवसा नाही. तिथे ‘थॉनी’ हे पायथॉनचे सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवावे. कंट्रोल-एफ५ने डीबगर (कोड एकेक पायरीने चालवणारी सोय) सुरू करून एफ७ दाबत जावे, नेट लागत नाही. वीजच गेली तर फळ्यावर प्रत्येक नावासाठी चौकट काढून आत त्याची किंमत लिहावी; फक्त जुनी किंमत पुसू नये, तिच्यावर काट मारावी, म्हणजे बदल दिसत राहतो.

– संगणकशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक